झालरीची शेवटची फळी

व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं ते लाकडी घर म्हणजे हौसेला मोल नसतं याचा पुरावाच! टोकदार छपरं, कोपऱ्यात गोल मनोरा, खिडक्यांना रंगीत काचा आणि वळचणीखाली अख्ख्या घराभोवती लाकडात कोरलेली फुलांची झालर. मियाँ मूठभर, दाढी हातभर. पण मिस्त्रींसमोर असं बोलायची सोय नव्हती. उभा जन्म त्यांनी या घराची डागडुजी केलेली. घराला कुणी नावं ठेवली की पोरीलाच नावं ठेवल्यासारखं त्यांना लागायचं.

पोरगीही सुतारच, बापाच्या हाताखाली तयार झालेली. "बाबा, नजर कमी झालीय तुमची. आता मला करू द्या," म्हणून मागे लागायची. दर्शनी बाजूची झालर कुजली तेव्हा मिस्त्री भडकले. "एकटा करून दाखवतो. चुकलो तर यापुढे या घराचं काम तुझं!"

फळ्या कापून झाल्या, शिडीवर चढून एकेक बसवल्याही. शेवटची मात्र जागेत शिरेना. मिस्त्री खाली उतरले, चार पावलं मागे सरून सगळी ओळ पाहिली. फुलं एकापुढे एक जाडजूड होत गेली होती! नमुन्याची फळी एकच ठेवायची, प्रत्येक नवी फळी तिच्यावरूनच आखायची, हे पोरीला कान पिळून शिकवलं ते त्यांनीच. आणि स्वतः? जुन्या काळपट नमुन्याची कड नीट दिसेना, म्हणून आधी कापलेली नवी फळी ठेवून पुढची आखत गेले. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढी भर.

"अगंबाई, किती सुरेख!" मालकीणबाई ओसरीवरून म्हणाल्या.

शेवटची फळी जराशी तासली की झालं. कुणाला पत्ता लागणार होता? मिस्त्रींनी रंधा उचललाही. पण त्या घराकडे बघून त्यांना स्वतःचीच अशी लाज वाटली की रंधा गपचूप खाली ठेवला.

पोरगी आली. "बसली का हो?"

"नाही बसली. सगळ्या उतरव. आता तूच आख, तूच काप."

तिनं ओळीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि शिडीवर चढली. मिस्त्री खाली शिडी धरून उभे राहिले.

"बाबा, शिडी हलतेय."

"शिडी नाही गं," मिस्त्री म्हणाले, "माझे हात हलतायत."