दसऱ्याला झोपवलेला कॉम्प्युटर

सांगू नये खरं तर, पण तुम्ही आपली माणसं. तेव्हा चहा घ्या आणि ऐका, मी स्वतःच्या हाताने स्वतःची कशी शोभा करून घेतली ते.

मुरबाडला माझं लग्नपत्रिकांचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. हसताय काय? शहापूरपासून धसईपर्यंत ज्या ज्या मांडवात तुम्ही जेवलात, त्यातल्या निम्म्यांची आमंत्रणं माझ्या कॉम्प्युटरमधून निघालीत! तालुक्यात कोणाचा मामा कोण आणि कोणाचं कोणाशी वाजलंय, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

आणि दुसरा अभिमान म्हणजे माझा इन्व्हर्टर. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. लोडशेडिंग असं की लाइट आली तरच लोक दचकायचे. माझा पहिला कॉम्प्युटर त्या चालू-बंदच्या खेळातच गेला. नवीन आणला तेव्हा मी शपथ घेतली, हा कधी बंद होणार नाही. दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर बसवला आणि दारावर पाटी लावली : 'लाइट गेली तरी आमचं काम चालू'. आदल्या दिवाळीत मशीन आलं, त्यानंतर एक क्षणही विझलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी हे सांगायचो, न विचारता.

तर धसईचे तात्या आले. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलं होतं. थोरलीची पत्रिका मीच केलेली. त्या पत्रिकेत त्रेचाळीस नावं होती आणि ती कुठल्या क्रमाने टाकायची यावर तात्यांच्या चार भावांत तीन बैठका झाल्या होत्या. एक भाऊ तर वर्षभर बोलत नव्हता. शेवटी जो क्रम ठरला, तो काळ्या दगडावरची रेघ.

तात्या म्हणाले, "तीच पत्रिका पायजे. नवरा-नवरीचा नाव बदल, बाकी कानामात्रा हलवू नको. दसऱ्याला संध्याकाळी चारी भाव सोनं वाटाया माझ्याकडं येतील, तवा हातात देईन. नायतर परत बैठक लागंल रे."

छापलेली जुनी प्रत त्यांच्याकडे नव्हती, पावसात छप्पर गळून तिचा लगदा झालेला. भावांकडे मागायला जावं तर "का पायजे?" इथूनच बैठक सुरू. मी म्हटलं, काळजी करू नका, जुनी फाइल आहे माझ्याकडे.

फाइल होती हो, सीडीवर जपून ठेवलेली. पण उघडेना! ती केलेली जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते चालायचं फक्त जुन्या विंडोजवर. नव्या मशीनवरची नवी विंडोज त्याला दारातही उभं करेना.

मग मी वाशिंदच्या सुनीलला फोन लावला. सुनील माझा शाळेतला मित्र, कल्याणला कॉम्प्युटर दुरुस्तीत कामाला. तो म्हणाला, नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवता येतो. नव्या घरात म्हाताऱ्यांसाठी एक वेगळी खोली काढतो ना, तसं. त्या खोलीत जुनी विंडोज राहते आणि तिच्यात जुनं सॉफ्टवेअर सुखाने नांदतं. फक्त मशीनने आधी परवानगी द्यावी लागते. तिला हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. मशीन सुरू होताना डिलीट बटण दाबायचं, निळा पडदा येतो, त्यात ते चालू करायचं.

एवढंच? मी निळ्या पडद्यात शिरलो, चालू केलं, सेव्ह केलं. मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. खोली उघडायला गेलो, तर म्हणे परवानगी बंद आहे.

परत गेलो. पाहतो तर चालूच आहे! बाहेर आलो, तर बंद. आत चालू, बाहेर बंद. सासू-सुनेच्या भांडणात नवऱ्याने दोन्ही खोल्यांत फेऱ्या माराव्यात, तशा मी अकरा फेऱ्या मारल्या. खोलीचं सॉफ्टवेअर चार वेळा काढून पुन्हा घातलं.

सुनीलला पुन्हा फोन. त्याने विचारलं, "मशीन पूर्ण बंद करून चालू केलंस ना?"

आता मला सांगा, तालुक्यातल्या नावाजलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? हे म्हणजे आचाऱ्याला विचारणं, पाणी उकळलंस ना! मला रागच आला. "हे तू मला विचारतोस?" म्हटलं आणि फोन ठेवला.

खरं म्हणजे पूर्ण बंद मी केलंच नव्हतं. नुसतं रिस्टार्ट. बंद न करण्याची तर माझी शपथ होती.

इकडे तात्या रोज एसटीने यायचे. त्यांना समजावं म्हणून मी म्हटलं, आतल्या खोलीला परवानगी मिळत नाहीये. दुसऱ्या दिवशी तात्या तिकीट लावलेला अर्जच घेऊन आले. "तहसीलला ओळख हाय माजी. कोनाच्या सहीवर अडलंय ता सांग." मी अर्ज ठेवून घेतला.

दसरा उजाडला. संध्याकाळी भाऊ येणार आणि माझ्याकडे पत्रिकेचा पत्ता नाही. मनातून घाबरलो होतो मी. चार भाऊ पुन्हा तुटले असते, ते माझ्या नावावर. सकाळीच निळ्या पडद्यात बाराव्यांदा शिरायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बाबा आले.

बाबा म्हणजे माझे वडील, बाळाराम. जन्म भातशेतीत गेला. कॉम्प्युटरला ते 'तुझी पेटी' म्हणायचे. हातात ताट, ताटात झेंडूची माळ, नव्या भाताच्या लोंब्या, हळदकुंकू. परसात नांगर, कोयते, विळे धुऊनपुसून ओळीने मांडलेले.

"बंद कर ती पेटी. पूजा करायची हाय."

मी म्हटलं, बाबा, चालूवरच करा, ही बंद होत नसते. हे मी अभिमानाने म्हटलं, लक्षात घ्या.

"हत्यार हाय ना तुझा? पोट भरतोस ना तिच्यावर? मग आज तिला इसावा. नांगर झोपलाय, कोयता झोपलाय, ही कोन लाटसाहेब लागून गेली?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी वाकून, बटणबिटण न शोधता, भिंतीतून वायरच उपटली. झालं! वर्षभर न विझलेलं माझं मशीन एका झटक्यात काळं पडलं. बाबांनी शांतपणे माळ घातली, कुंकू लावलं, लोंबी खोचली आणि म्हणाले, आता जेवणं होईपर्यंत हात लावायचा नाही.

पुरणपोळी चार घासांत उरकली. दुपारी वायर लावली. देवाचं नाव घेतलं, सुरू केलं. आतली खोली उघडायला गेलो.

उघडली! जुनी विंडोज आली, जुनं सॉफ्टवेअर आलं, आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस नावं आपापल्या जागी मानाने बसलेली. मी एकटाच ओरडलो. लगेच सुनीलला फोन केला, शेजारी बाबा उभे.

सुनील म्हणाला, "अरे, काही मशीनला ती परवानगी वीज पूर्ण तोडल्याशिवाय लागूच होत नाही. म्हणून तर विचारलं होतं तुला."

बाबांनी विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, काही नाही, शुभेच्छा देतोय.

पाच प्रती काढून मोटरसायकलवरून धसईला पोचलो. भाऊ आपट्याची पानं घेऊन ओटीवर बसले होते. चौघांनी पत्रिका वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचली. ज्या भावाने वर्षभर अबोला धरला होता, तो म्हणाला, बरोबर हाय. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी छाती अशी फुगली म्हणता!

मग तात्यांनी विचारलं, अखेर परवानगी दिली कोणी? सणाच्या दिवशी खोटं बोलवेना. खरं काय ते सांगितलं.

चारी भाऊ जवळ सरकले. मग तिथल्या तिथे बैठक बसली, आयुष्यातली सर्वांत छोटी. जिथे एक मात्रा हलणार नव्हती, त्या पत्रिकेत एकमताने चव्वेचाळिसावं नाव वाढलं. मी म्हटलं, माझं? तात्या म्हणाले, "तुझा कशाला? तुझ्या दुकानाचा हाय की खाली बारीक."

आणि मीच, माझ्याच हाताने, त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, चांगल्या ठळक अक्षरात जुळवलं :

'विशेष आभार : श्री. बाळाराम गोविंद, मुरबाड (कॉम्प्युटर तज्ज्ञ).'

ती पत्रिका आजही दुकानात फ्रेम करून लावलीय. लोक वाचतात, मग मला म्हणतात, "तुम्ही बसा हो. म्हाताऱ्याला बोलवा."