दहावी सही

फलटणची साधना लग्न होऊन जर्मनीत आली तेव्हा तिच्या बॅगेत मातीच्या अभ्यासाची डिग्री होती, राहुरीची. सहा वर्षं ती डिग्री बॅगेतच राहिली. नवरा चंद्रशेखर वाल्डॉर्फला कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि ही घरात लेकीला, अन्वीला सांभाळत, भाजीवाल्याशी चुकतमाकत जर्मन बोलत. भाषा जिभेवर बसली तशी कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत कामाला लागली. काम काय, तर ऱ्हाईनकाठच्या बारा शेतकऱ्यांकडे जायचं, कुदळीने माती उकरायची, ढेकळात गांडुळं किती ते मोजायचं, पाणी किती वेळात मुरतं ते लिहायचं. एवढं शिकून पोरगी चिखलात बसते म्हणून सासूबाई फोनवर हळहळायच्या. साधनाचा जीव मात्र त्या चिखलातच रमायचा.

तीन वर्षं झाली आणि सरकारचं अनुदान संपत आलं. संस्थेच्या प्रोफेसरबाईंनी तिला बोलावून सरळ सांगितलं, "बारातल्या दहा शेतकऱ्यांनी वर्षाची वर्गणी द्यायचं लिहून दिलं तर त्यांचा संघ करू. प्रयोगशाळा आपण खर्चाच्या भावात देऊ, तुझा पगार संघातून निघेल. दहा नाही झाले तर डिसेंबरला काम बंद."

माती सुधारायला दहा-दहा वर्षं लागतात. तीन वर्षांत उठून जायचं म्हणजे भात अर्धा शिजवून गॅस बंद करायचा. साधनाने मनावर घेतलं.

फेब्रुवारीत गावातल्या अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये बैठक ठरली. शेतकऱ्यांना हुरूप यावा म्हणून तिने एक मोठा तक्ता केला. कुणाच्या शेतात किती गांडुळं, नावानिशी, पहिला नंबर ते बारावा. फलटणच्या शाळेत निकाल असाच फळ्यावर लागायचा, आणि हिचं नाव कायम पहिल्या तिनात. तक्ता भिंतीवर लावला, पहिल्या नंबराच्या फ्राऊ ओटबाईंसाठी चॉकलेटचा डबाही आणला. एकतीस गांडुळं म्हणजे काय खायचं काम आहे?

टाळी एकानेही वाजवली नाही. फ्राऊ ओट चॉकलेटकडे बघेनात. बाराव्या नंबरावर होते बटाटेवाले लेरमान, गांडुळं चार. त्यांनी तक्ता खालपर्यंत वाचला, टोपी उचलली आणि निघून गेले. आठवड्याच्या आत लेरमान धरून पाच जणांचा नकार आला. उरले सात.

"अगं, अन्वीच्या वर्गात एकाचे मार्क दुसऱ्याला सांगतात का?" चंद्रशेखर जेवताना म्हणाला. "तू त्यांचं प्रगतिपुस्तक भिंतीला चिकटवलंस."

"मार्क वाईट असले तरच झोंबतात ना? मग पहिल्या आलेल्या ओटबाईंनाही कसे झोंबले?"

"दास माख्ट मान निष्ट, आई," अन्वी ताटातून वर न बघता म्हणाली. असं करत नाहीत. आठ वर्षांच्या पोरीने दोन सेकंदांत निकाल दिला, आणि परत आलेला चॉकलेटचा डबा उघडून बसली.

साधनाने लेरमानना फोन केला, वेळ मागितली, आणि शनिवारी त्यांच्या कोठाराशी उभी राहिली. ते बटाटे निवडत होते. तिने माफी मागितली. ते निवडतच राहिले.

"चार गांडुळं," शेवटी म्हणाले. "खणलं कुठे?"

"रस्त्याकडच्या टोकाला."

"गेनाऊ. बरोब्बर तिथेच माझा ट्रॅक्टर वळतो. वीस वर्षं माती दाबत वळतोय. तिथे चार निघाली हेच नवल."

जागा नकाशावर बघून साधनानेच ठरवली होती.

"मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. माझ्या पाठीमागे माझी माती बघायला मी पैसे देणार नाही. द्यायचेच तर कुदळ माझ्या हातात पाहिजे."

ती एका बटाट्याची माती पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे सावड करतात. आज सगळ्यांनी तुमच्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. तसंच खणलं तर? तुम्हीच एकमेकांकडे. मी फक्त मोजेन. कागद ज्याचा त्याच्या घरी, शेजाऱ्याला काय सांगायचं ते ज्याचं त्याने. माझी खणायची मजुरी वाचली की वर्गणीही उतरेल."

"आणि जेवण?"

"ज्याचं शेत त्याचं."

"मग सुरुवात माझ्याकडे नको. आमच्या हिचं सूप प्यायल्यावर कुणी परत येणार नाही."

आतून बायकोने काहीतरी ऐकवलं, ते साधनाला कळलं नाही, लेरमानना कळलं.

पुढच्या बैठकीत तक्ता नव्हता. सावडीची गोष्ट ऐकून दोन जण परत आले, नऊ सह्या झाल्या. लेरमान पेन हातात धरून बसले. "आधी माझं शेत पुन्हा मोजा. मधोमध."

एप्रिलच्या ओल्या सकाळी सात-आठ जण त्यांच्या शेतात जमले. कुदळ लेरमाननी स्वतः मारली, ढेकूळ फ्राऊ ओटनी फोडलं, साधना वाकून मोजत गेली. आकडा तिने मोठ्याने नाही सांगितला. वहीत लिहून वही त्यांच्यासमोर धरली.

लेरमाननी चष्मा चढवून बघितलं. "नऊ," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणजे अजून मीच शेवटी." मग फ्राऊ ओटकडे वळले, "तुम्ही हिवाळ्यात जमिनीवर काय पेरता ते आता दाखवा. नाहीतर सूप पाजीन."

तिथेच ट्रॅक्टरच्या चाकावर कागद ठेवून त्यांनी सही केली. दहावी.

साधनाची नोकरी आता आठवड्याला वीस तासांची आहे, पूर्वीच्या निम्मी, पण डिसेंबरची टांगती तलवार नाही. त्या दिवशीचं सूप तिने प्यायलं. मीठ जरा जास्त होतं, बाकी काही नाही. भांडी आवरताना लेरमाननी विचारलं, "ते चॉकलेट कुणाला दिलं शेवटी?"

"मुलीने संपवलं."

"असं," ते म्हणाले, "बरं केलं."