लिंबाखालची न उकरलेली माती

उमरग्याच्या मोटारअड्ड्यावर हैदराबादची मोटार उभी होती आणि अण्णा माझी वळकटी टपावर चढवत होते. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. अव्वानं, आमच्या आईनं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. ते गाठोडं अण्णांनी पुढं केलं, मी डाव्या हातानं घेतलं. उजवा हात मनगटाच्या जरा वरच संपत होता. "पोचल्यावर कागद धाड," ते म्हणाले. मी अठरा वर्षांचा होतो आणि मनाशी ठरवलं होतं की ह्या माणसाला जन्मात कागद धाडायचा नाही. सात वर्षं तो शब्द पाळला. आज मोडतोय.

हात गुऱ्हाळावर गेला. चरकात ऊस सारायचं काम माझं आणि बैल हाकायचं अण्णांचं. एका सकाळी कांड्याबरोबर पंजा आत गेला. अण्णांनी बैल लगेच थांबवले. त्यात त्यांची काही कसूर नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होतो. तालुक्याच्या दवाखान्यात हात कापावा लागला आणि पंच्यात गुंडाळून तो अण्णांच्या हवाली केला गेला. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात, तेही नीट बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून. तेव्हा हातालाही मातीच द्यायची, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. अव्वाची फक्त एक ताकीद होती. "बोटं उघडून पुर रं. मूठ आवळून मातीत गेलं की जित्याला तरास व्हतो." अण्णा संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, शेतातल्या लिंबाखाली पुरला, विभूती लावली.

जखम भरत आली आणि दुखणं सुरू झालं. नसलेला हात दुखायचा. मूठ घट्ट आवळलेली, अंगठा आत दाबलेला, नखं तळव्यात रुतलेली, आणि ती मूठ सोडवायला हातच नाही. मी ओरडायचो तेव्हा अप्पा, आमचे वडील, माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. माझं सोंग आहे असं त्यांना वाटत असावं. अव्वानं मात्र अण्णांना विचारलं, "बोटं उघडली व्हती न्हवं?" अण्णांनी मान खाली घातली. "घाईत ऱ्हायली आसतील."

दुसऱ्या दिवशी अप्पा आणि अण्णा कुदळ घेऊन शेतात गेले. दुपारी परतले. अप्पा माझ्या बाजेवर बसले आणि सावकाश म्हणाले, "काढला. एकेक बोट सरळ केलं. विभूती लावली, परत माती दिली. आता न्हाय दुखायचं." आणि दुखलं नाही. अप्पा 'एकेक बोट' म्हणाले तशी खरोखरच एकेक बोट उघडत गेली, शेवटी अंगठा. लोक हसतील, पण माझ्यापुरतं तसंच झालं. आठ दिवस मी पोटभर जेवलो, डाव्या हातानं कपाळाला विभूती लावायला शिकलो, ती वाकडी लागली म्हणून अव्वा हसली आणि मीही हसलो.

नवव्या दिवशी चिमूटभर विभूती कागदात घेऊन मी एकटाच लिंबाकडं गेलो. म्हटलं, आपल्याच हाताला नमस्कार करून यावं. लिंबाखाली हरळी माजली होती. तिची एक मुळी तुटलेली नव्हती. मी झाडाभोवती तीन वेळा फिरलो, वाकून बघितलं, पायानं माती दाबून बघितली. दगडासारखी माती. तिथं कुणी कधी कुदळ मारलेलीच नव्हती. घराकडं वळलो आणि बांध ओलांडेपर्यंत मूठ पुन्हा आवळली.

अण्णा गोठ्यात होते. मी विचारलं, "हात कुठं हाय?"

"ओढ्यात," ते म्हणाले. "पंचा सोडून बगायचं धाडस झालं न्हाय. तसाच टाकला."

"मग त्या दिशी कुदळ घिऊन गेलासा ते?"

"बांधावर बसलो व्हतो. अप्पाच म्हणले, पोराला सांगू केलं म्हणून."

अव्वा दारात उभी होती. तिनं काही विचारलं नाही, तिला नवल वाटलं नाही. त्यावरून मला जे कळायचं ते कळलं. परक्यानं फसवलं तर शिव्या देता येतात. इथं तिघं माझी, आणि तिघांनी एका विचारानं मला गंडवलं होतं. महिना भरायच्या आत मी हैदराबादच्या मोटारीत बसलो. मामा तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात चपरासी होते, एवढाच आधार होता.

मामांनी मला तिथल्या एका डॉक्टरसाहेबांपुढं उभं केलं. हातपाय गेलेल्या माणसांना गेलेल्या जागी का दुखतं, ह्याचाच त्यांना ध्यास होता. ते रोज विचारायचे, आज अंगठा कुठं आहे, करंगळी कुठं आहे, आणि मी सांगेन तसं कागदावर काढायचे. शाळेत निजामाच्या मेहेरबानीनं चार इयत्ता उर्दू झाली होती, ती कामाला आली. दाढी करताना गालावर वस्तरा फिरला की गेलेल्या अंगठ्याला मुंग्या येतात, असं मी सांगितलं तेव्हा साहेब खुर्चीतून उठले. म्हणाले, मेंदूत प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली असते, आणि हाताची जागा तोंडाच्या शेजारी असते. "मियाँ, हाथ गया है, उसकी जगह नहीं गई." शेतकऱ्याच्या पोराला हे लगेच पटलं. मालक गेला तरी शेत जागेवरच राहतं, आणि शेजारी बांध कोरतो.

मग मी त्या आठ दिवसांचं सांगितलं. साहेबांनी दौतीत बुडवलेला टाक तसाच धरला. म्हणाले, झूठ असेल, पण दर्द खरोखर गेला होता. तुमच्या मेंदूला बापाचं बोलणं पटलं, त्यानं मूठ सोडली. हात ओढ्यात असो की लिंबाखाली, त्यानं काही फरक पडत नाही.

म्हणजे अण्णांच्या करणीनं मला दुखत नव्हतं. हे कळल्यावर राग उतरायला हवा होता. उलट वाढला. घरात औषध होतं, लागू पडलेलं औषध, आणि ते ह्यांच्या आळसापायी वाया गेलं. खोटं बोलायचं तर निदान कुदळ तरी मारायची होती.

साहेबांनी मला आपल्याच खोलीत कामाला ठेवलं. डाव्या हातानं नोंदी लिहितो, इराण्याचा चहा पितो, झोपेत उर्दू बोलतो म्हणे. मूठ अजून आवळलेलीच आहे. अप्पा गेल्याचा कागद अण्णांनी धाडला, मी गेलो नाही. निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मामा म्हणाले, आता तरी जाऊन ये. तरी गेलो नाही.

गेल्या महिन्यात एका मोटारड्रायव्हरचा पाय आमच्याकडं कापला. शुद्धीवर आल्यापासून त्याचा एकच घोष, "मेरा पाँव कहाँ गया? टेढ़ा तो नहीं रखा?" दुखण्यानं तो अन्न घेईना. कापलेल्या अवयवांचं काय होतं ते मला ठाऊक आहे, ते सांगण्यासारखं नाही. मी माळ्याची कुदळ मागून घेतली, मागच्या आवारात गेलो आणि एका हातानं माती उकरली. घामाघूम झालो. माती परत लोटली, वर दोन दगड ठेवले. मग त्याच्या खाटेशी जाऊन म्हणालो, "सीधा रखा है, भाई. मैंने मिट्टी दी." त्या दुपारी तो जेवला. पंधरा दिवसांनी कुबड्यांवर तिथवर जाऊन दगड बघून आला आणि माझा डावा हात धरून रडला.

अण्णा, एवढंच काम होतं. मी तुम्हांला माफ केलेलं नाही, उगीच खोटं कशाला लिहू. पण मला घर म्हटलं की ते आठ दिवस आठवतात, दुसरं काही आठवत नाही. येत्या अमावास्येच्या आदल्या दिवशी मी उमरग्याला उतरेन. त्याआधी लिंबाखालची हरळी काढा आणि चार कुदळी मारून ठेवा. खाली काही नाही हे मला ठाऊक आहे, तुम्हांलाही आहे. तरी मारा. आणि मी येऊन तिथं उभा राहिलो की अप्पांसारखं सावकाश सांगा, की एकेक बोट सरळ केलं म्हणून.