प्रगतीनं बदललेला शेवट

प्रगतीचं नाव काढलं तरी माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. ती माझी मैत्रीण आहे, म्हणून जास्तच दुखतं.

ती खोडाळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावरची. घरी भात आणि नागली पिकते, तिची आई बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन खाली उतरते. मी जव्हारची. भर पेठेत बाबांचं कापडाचं दुकान. कॉलेजात ओळख झाली आणि आम्ही दोघींनी मोबाइलवरून फ्रेंचचा वर्ग लावला. खोडाळ्याजवळ एका संस्थेनं पाहुण्यांसाठी शेतघरं बांधली आहेत, तिथं हिवाळ्यात फ्रान्सहून लोक येऊन राहतात. संस्थेला दुभाषी हवी होती. एकच. ती जागा मला मिळाली नाही तर मी वसईला मावशीकडे राहून तिच्या ओळखीच्या ऑफिसात बसायचं, असं घरात ठरलं होतं. मला वसईला जायचं नव्हतं.

वर्गाचे चैतन्य सर म्हणाले, "व्याकरण पुरे. आता कादंबरी वाचा." त्यांनी दोघींना एकच कादंबरी पाठवली. मार्त आणि ल्युसी या दोन बहिणी वडिलांच्या घरावरून भांडतात आणि धाकटी ल्युसी रागानं निघून जाते, अशी गोष्ट.

मी रीतसर वाचायला बसले. शब्द अडला की कोश उघडायचा, पेन्सिलीनं अर्थ लिहायचा, मगच पुढं. माझी ल्युसी अजून दारातच उभी होती आणि तिकडे प्रगतीनं पुस्तक संपवलंसुद्धा!

जव्हारच्या एसटी स्टँडवर चहा पिता पिता तिनं अख्खी गोष्ट हातवारे करून सांगितली. शेवटी म्हणे ल्युसी परत येते आणि दोघी एका ताटात जेवतात.

"तुला सगळे शब्द येत होते?" मी विचारलं.

"छ्या! निम्मे पन नाय."

"मग वाचलंस कसं?"

"पुढं पुढं जायचं," ती म्हणाली आणि माझ्या पुड्यातलं बिस्किट उचललं.

माझा जळफळाट झाला. थापा मारते ही, म्हटलं. हिला उघडं पाडायचंच. कोश कपाटात टाकला आणि रागाच्या भरात पानामागून पान उलटत गेले. कळेल ते घेतलं, न कळेल त्याला शिव्या घातल्या. दुकानात गिऱ्हाईक कापड दाखवा म्हणून ताटकळलं तरी मान वर केली नाही. शेवटच्या पानाशी पोचले आणि आनंदानं टाळीच वाजवली. ल्युसी परत येतच नाही! मार्त घर विकते, किल्ली देते आणि निघून जाते.

मुलाखतीला संस्थेच्या एक फ्रेंच बाई आल्या. बोलत बोलत फिरू, असं म्हणून आम्हा दोघींना जव्हारबाहेरच्या शिरपामाळावर घेऊन गेल्या. प्रगती चुका करत, हसत बोलत सुटली. माझं वाक्य मनात तपासून बाहेर येईपर्यंत बाई दुसरीकडे बघायला लागत. मग त्यांनी विचारलं, सध्या काय वाचता? प्रगतीनं लगेच गोष्ट सुरू केली. ल्युसी परत आली, एका ताटात जेवली.

"खोटं!" मी ओरडले. फ्रेंचमध्ये. आणि मग थांबलेच नाही. घर, किल्ली, मार्तचं मागं वळूनही न बघणं, सगळं भडाभडा सांगितलं. क्रियापदं कुठल्या काळात गेली देव जाणे. बाई कान देऊन ऐकत होत्या. जिंकले, म्हणून मी प्रगतीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

"नाय आली ती?" तिनं मराठीत विचारलं. "खरंच नाय आली?"

परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "शेवटची पानं कळलीच नाय मला. मग जुळवली. आमच्या घरात मराठी तरी कोन बोलतंय? पाड्यावरची बोलीच वेगळी. पहिलीत गुरुजी गोष्ट सांगायचे, ती अर्धीच कळायची. बाकीची आमी पोरं जुळवायचो. तुझ्यासारखी दर शब्दाला अडले असते, तर अजून पहिलीतच असते."

मला माझी भाषा आईच्या मांडीवर फुकटात मिळालेली, आणि तरी मला तिच्या त्या अर्ध्या कळलेल्या गोष्टींचा हेवा वाटत होता.

जागा प्रगतीला मिळाली. बाईंनी मला निरोप धाडला की, रागावलीस की फार छान फ्रेंच बोलतेस. त्यानं आणखीच तळपायाची आग मस्तकात गेली.

वसईची गाडी पकडायला स्टँडवर गेले तर प्रगती आधीच उभी. सरांनी पाठवलेली दुसरी कादंबरी माझ्याही पिशवीत होती, तिच्याही.

"यात पन कोनतरी घर सोडून जातंय," ती म्हणाली. "तू आधी संपवलंस, आन ती परत आली, तर मला फोन कर. नाय आली तर सांगू नको. मी जुळवीन."

गाडी सुटली. घाट लागायच्या आत मी पुस्तक उघडलं. तिच्या आधी संपवायचं होतं.