व्याह्यांना कुणाच्या तरी मागं चालायचं असतं

आमच्या व्याह्यांइतकं चाललेला माणूस अख्ख्या फुलंब्री तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकं वाईट चालणारा माणूस अख्ख्या जगात नसेल. हे उफराटं वाटेल, पण मी त्यांच्या शेजारून चाललोय, मला विचारा. आमचे व्याही, म्हणजे माझ्या सुनेचे वडील, जन्मभर मेंढरांमागं चालले. मानेवर आडवी काठी, तिच्यावरून दोन्ही हात लोंबते सोडलेले आणि नजर कळपाच्या शेपटाला. चार पावलं टाकायची, थांबायचं, रेंगाळलेलं कोकरू पुढं सरकू द्यायचं, मग आपण. आता पुढं मेंढरं असोत नसोत, ते तसेच चालतात. मुकुंदवाडीच्या बाजारात त्यांना घेऊन गेलो तर परत येईपर्यंत मेथी माना टाकते. मी कारखान्यात भोंग्यावर नोकरी केलेला माणूस, माझं डोकंच फिरतं. "पाव्हणं, थांबलात का?" असं विचारलं की म्हणतात, "पुढचं सरकू द्या की." पुढं रस्ता मोकळा. तो त्यांनाही दिसतो, पण तरी ते थांबतातच.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची बायपास झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, नुसत्या ऑपरेशननं भागत नाही, काळजाला हळूहळू पुन्हा कामाला लावावं लागतं. त्याचा व्यायामाचा वर्ग असतो, तो पुरा करा. व्याह्यांनी एकच विचारलं, "दिवाळीनंतर मेंढरांसंगं जाता यील का?" दिवाळी झाली की ते आणि त्यांचा धाकटा भाऊ कळप घेऊन खाली गोदावरीकडं उतरतात. लोकांच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवत बसवत हिंडतात, ते पावसाळ्याच्या तोंडाशी घरी येतात. डॉक्टर म्हणाले, वर्ग पुरा करा, चालून दाखवा, मग बघू. त्या 'मग बघू'च्या भरवशावर आमच्या व्याह्यांनी सगळा पावसाळा काढला.

आता हा वर्ग फुलंब्रीत नाही, आसपासच्या कुठल्याच गावात नाही. आमच्या शहरातल्या एका दवाखान्यात, आठवड्यातून तीनदा, आणि शिकवणारी पोरगी एकटी. मी म्हणालो, आमच्याकडं राहा, लेक तुमचीच आहे. तर नाही! लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा जुना कायदा. "पाव्हणं, तुमचं घर सोन्यावानी हाय. पर माझ्या बापानं हे केलं नाय." झालं. छातीवर ताजा टाका घेऊन हा गृहस्थ धक्के खात एसटीनं यायचा, बरोबर फडक्यात बांधलेली भाकरी आणि स्वतःच्या विहिरीचं पाणी. वर्ग सुटला की आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसायचे, कारण टपरीला कायदा लागू नव्हता. सून घरातून स्टूल घेऊन जायची आणि बापासमोर बसायची. पुढं पुढं तर ती सकाळीच टपरीवाल्याकडं घरचं दूध आणि ठेचलेलं आलं देऊन यायची, आणि बाप आला की स्वतःच भांडं स्टोव्हवर चढवायची. व्याही फुर्रकन घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "इथला चहा लई झ्याक." त्यांना खरं कळत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

वर्गात त्यांच्यासोबत मी बसायचो, म्हणून सगळं पाहिलंय. पहिल्या दिवशी ते सरकत्या पट्ट्यावर चढले आणि लगेच उतरले. म्हणाले, "ताई, ह्याच्याम्होरं कुणाला तरी चालवा. मोकळ्या रानात मला पाय उचलत नाय." त्या पोरीनं बिचारीनं पुढच्या पट्ट्यावर एका लठ्ठ कापडदुकानदाराला चढवलं, तेव्हा आमचे व्याही त्याच्या मागं खुशाल चालू लागले. दुकानदारानं दमून पट्टा थांबवला की हेही आपला थांबवायचे. त्याला धापा टाकताना बघून यांच्या चेहऱ्यावर इतकी माया यायची की मला हसूही यायचं आणि चीडही.

एकदा बस चुकल्यानं त्यांचा वर्ग बुडाला. पुढच्या वर्गाला आले ते कुरकुरतच. पोरगी समजुतीनं म्हणाली, "काका, तुम्ही निदान येता तरी. जगात कितीतरी देशांत असा एकसुद्धा वर्ग नाही. मोठमोठ्या देशांतसुद्धा आहेत ते शहरात, खेड्यातली माणसं पोचतच नाहीत." व्याह्यांनी विचारलं, "तिकडं मेंढरंवाले असत्यात का?" असतात म्हणाली. "त्याचं असं काळीज फाडलं, शिवलं, घरी सोडलं, तर त्याला कोण सांगतं किती चालायचं?" त्या दिवसापासून यांना कुठल्यातरी परमुलखातल्या, नाव ना गाव अशा मेंढपाळाची काळजी लागली. टपरीवर चहा पिता पिता मध्येच म्हणायचे, "त्यो घाबरून बसूनच ऱ्हात असंल बघा."

दसऱ्याच्या सुमाराला चालण्याची परीक्षा झाली. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात ठरलेल्या वेळात जमेल तितकं अंतर चालायचं, एवढंच. आणि नेमकी तेव्हाच एक म्हातारी वॉकर टेकत टेकत व्हरांड्यात आली. आमचे व्याही तिच्या मागं लागले! ती थांबली की हे थांबले, ती निघाली की हे निघाले. मी कोपऱ्यातून हातवारे करतोय, पोरगी म्हणतेय काका पुढं व्हा, आणि हे मान हलवतायत. वेळ संपली. मी तणतणत विचारलं तर शांतपणे म्हणाले, "लंगडं मागं टाकून कसं जायचं, पाव्हणं?" कागदावर उतरलं ते एवढंच, की पेशंट फार थोडं चालतो.

पोरगी म्हणाली, पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊ. पण त्याच आठवड्यात तिला पुण्याला नोकरी लागली. तिच्या जागी कुणी आलंच नाही आणि वर्गाच्या दाराला कुलूप लागलं. मी डॉक्टरांना सगळी हकिगत सांगितली. ते हसले, पण म्हणाले, वर्ग अर्धा राहिला, परीक्षा ही अशी. रानात आठ महिने उघड्यावर राहायला मी हो म्हणणार नाही. पुण्याला जाऊन करा म्हणाले. जो माणूस लेकीच्या घरी पाणी पीत नाही, तो पुण्यात कुणाकडं राहणार?

दिवाळीनंतर कळप निघायच्या दिवशी सून आणि मी पहाटेच फुलंब्रीला गेलो. न जाणो, ऐनवेळी निघाले तर धरायला माणूस हवा. पण ते निघाले नाहीत. गावाच्या शिवेपर्यंत आले आणि भावाला म्हणाले, "जपून जा रं." तो आवाज ऐकला आणि पुढच्या म्हाताऱ्या मेंढ्या थबकल्या, वळल्या, आणि त्यांच्यामागं सगळा कळप माघारी आला. भावानं हाकलला. व्याही पुन्हा काहीतरी बोलले, तर कळप पुन्हा त्यांच्या पायांशी. शेवटी भाऊ डोळे पुसत म्हणाला, "दादा, तू बोलू नको. तू बोललास की ही हलत नायत."

व्याह्यांनी पटक्याचा शेमला तोंडात धरला आणि बांधावर पाठ फिरवून बसले. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. माझ्या आजोबांनंतर आमच्या घरात कुणी मेंढरामागं गेलं नाही, तरी मीही त्यांच्या शेजारी बांधावर बसलो. सून त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. कळप रस्त्याला लागला, वळणाआड गेला, धूळ बसली.

बऱ्याच वेळानं ते कुजबुजले, "पाव्हणं, घुंगरं ऐकू येत्यात का अजून?"

मला तर केव्हापासूनच काही ऐकू येत नव्हतं. मी म्हणालो, "येतायत."

"मंग अजून बोलू नका," ते म्हणाले, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही तिघं तिथं गप्प राहिलो.