पीर अमीदची चादर

आमच्या मिरजगावात परदेश पाहून आलेला माणूस एकच, नूरुद्दीन पिंजारी. आणि तो परदेश त्याच्या पोटातून बाहेर काढायला ज्यानं सगळ्यात जास्त घाम गाळला, तो मी. त्याच्या घरात आणि माझ्या घरात एक भिंत आहे. भिंत मातीची आहे, माझे कान नाहीत.

नूरुद्दीन भरायचा त्या गादीइतकाच मऊ. कापूस पिंजायचा, रजया शिवायच्या, कुणी भाव पाडून मागितला की "बरं, तसं तर तसं" म्हणायचं. लढाई लागली आणि नगरच्या छावणीत भरती निघाली, तेव्हा हा गेला. बंदूक चालवायला नव्हे हो, सुई चालते म्हणून तंबू शिवायला! सरकारनं त्याला बोटीत घातलं आणि थेट मिसर देशात नेऊन उतरवलं.

निघताना त्याच्या आईनं, मुबारकबीनं, त्याला एक हिरवी चादर दिली. स्वतःच्या लग्नातली ओढणी उसवून, कडेला पिवळी गोट लावून शिवलेली. भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, "जिथं जाशील तिथल्या समद्यात मोठ्या पीराला ही घाल. त्याला सांग, आईला पोरगं एकच हाय."

पोरगं सेहेचाळीस साली परत आलं. अंगावर खाकी शर्ट, हातात सरकारी पिशवी, आणि मान खाली. मान पहिल्यापासूनच खाली असायची, पण आता जरा जास्तच.

त्याच संध्याकाळी मी त्याला माझ्या ओट्यावर बसवला. आळी जमली.

"काय काय बघितलंस रं?"

"बघायला कुठं मिळतंय, भीमातात्या? दिसभर तंबू. एकदाच चार दिसांची सुट्टी मिळाली, तवा मी आनि राहात्याचा दिलावर कैरोला गेल्तो."

"कुठल्या कैरीला?"

"कैरो, तात्या. लई मोठं शहर हाय."

झालं. त्या दिवसापासून नूरुद्दीनचा कैरीवाला झाला.

"खाल्लंस काय तिकडं?"

"सकाळी फूल खायाचो."

आतून आमच्या चांगुणाचा आवाज आला, "अगं बाई! फुलं खात्यात?"

"न्हाई काकू, फूल म्हंजी पावट्यावानी दाना. मडक्यात रातभर शिजवत्यात, वर तेल, कांदा, लिंबू. गल्लीत उभं ऱ्हाऊन खायाचं. लई स्वस्त. दुपारच्याला हिरवं वडं. आनि उसाचा रस. दिलावर पेला तोंडाला लावून म्हनला, ह्यापरीस आमच्या राहात्याच्या गुऱ्हाळात हात धुत्यात तो रस बरा."

आळी हसली. नूरुद्दीनही थोडा खुलला. ट्राममधून शहर कसं फुकटात जमा बघून होतं, नदीवरच्या पुलावर संध्याकाळी वारा खायला कसे सगळे जातात, सैनिकांच्या मुक्कामात खाट कशी मिळते, हे सगळं त्यानं सांगितलं. मग मी आवाज खाली आणला.

"आनि रातच्याला?"

त्याचे कान लाल झाले.

"रातच्याला काय... फिरायचो."

"नाच बघितला का न्हाई?"

"ऐकला."

"ऐकला? नाच?"

"आत जायाला दारावरचा मानूस जेवढं मागायचा, तेवढ्यात आमी दोघं सुट्टीभर जेवलो असतो. मंग दिलावर म्हनला, गाणं कानानं ऐकायचं अस्तं, कानाला कसलं तिकीट? तवा समोरच्या कडंला बसलो आनि टरबुजाच्या बिया फोडत ऐकलं."

"आनि त्या दिवशी दिवसा काय केलंस?"

नूरुद्दीन एकदम उठला. "अम्मा हाक मारती."

कुणीही हाक मारली नव्हती. माझ्या कानांबद्दल मी वर सांगितलंच आहे.

मी एवढंच अनुमान काढलं की त्या दिवसात बाई आहे. आणि मी काढलेलं अनुमान संध्याकाळपर्यंत आडावर पोचतं, याला मी काय करणार? पुढे महिनाभर नूरुद्दीन दारावरून गेला की मी म्हणायचो, "काय कैरीवाले, मिसरची आठवण येती का?" तो खाली बघून निघून जायचा. बरोबर निशाण्यावर लागलं, असं मला वाटायचं.

इकडे मुबारकबीनं त्याची सरकारी पिशवी धुवायला काढली. तळाशी तंबाखूची डबी, आणि डबीत पिवळी वाळू.

"ही कसली रं माती?"

भिंतीपलीकडे डबीचं झाकण लागल्याचा आवाज.

"पीराची?"

 मग बारीक आवाज, "व्हय."

"चादर त्यालाच घातली? कुठला पीर?"

"पीर अमीद."

म्हातारीचा आनंद काय सांगू! परक्या मुलखातला पीर, त्यानं एकुलतं एक लेकरू लढाईतून सुखरूप परत पाठवलं, आणि वर आपली मातीही दिली. तिनं त्या वाळूच्या पुड्या बांधल्या आणि घरोघर वाटल्या. बनुबाईनं तापानं फणफणलेल्या नातवाच्या दंडाला बांधली. राहीबाईनं पिठाच्या डब्यात ठेवली. आमच्या चांगुणानं तर चिमूटभर म्हशीच्या पेंडीत घातली, कारण म्हैस आटत चालली होती. आणि म्हैस, खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी दूध देती झाली. मग काय, पीर अमीदचं नाव कोकणगावापर्यंत गेलं.

नूरुद्दीन मात्र वाळत चालला. रजईचे टाके वाकडे पडायला लागले. एकदा मी भिंतीवरून म्हटलं, "अरे, पीरानं म्हैस दुभती केली, तुझं तोंड का आटलंय?" त्यानं कापूस पिंजायची धनुकली जोरात वाजवायला घेतली, म्हणजे मला पुढचं विचारता येऊ नये.

मग मुबारकबीनं कंदुरी ठरवली. पोरगं घरी आलं तर पीराच्या नावानं बोकड कापीन, आळीला जेवू घालीन, हा तिचा नवस. बोकड आणला. दारात मांडव पडला. मुलाणी सुरी धुऊन आले. आम्ही सगळे हातपाय धुऊन बसलो. आम्ही न कापणारे, पण खाणारे.

मुलाणी म्हणाले, "बी, कुनाच्या नावानं फातिहा द्यायचा?"

मुबारकबीनं पदर डोक्यावर सारखा केला. "पीर अमीद. मिसरवाले."

मुलाण्यांनी हात उचलले, आणि नूरुद्दीन पुढे आला. 

"अम्मा, थांब. नाव घेऊ नका. तो पीर न्हाई."

"काय बोलतोस?"

"साहेब लोक त्याला पिरॅमिड म्हनत्यात. मला ऐकू आलं पीर अमीद."

मग त्यानं सगळ्या आळीसमोर, जमिनीकडे बघत, सांगून टाकलं. सुट्टीच्या त्या दिवशी हवालदार ओरडला होता, चला पिरॅमिड बघायला, इथलं सगळ्यात मोठं हाय. सगळ्यात मोठं म्हटल्यावर ह्याला आईचा शब्द आठवला. ट्राममधून उतरल्याबरोबर ह्यानं बूट काढून बगलेत मारले आणि तापल्या वाळूतून अनवाणी निघाला. डोंगराएवढी कबर बघून ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोरे सोजीर बुटांसकट वर चढत होते, त्यांना ह्यानं हात जोडून खाली उतरायला सांगितलं, ते हसले. दर्ग्याचे मुजावर कुठं आहेत म्हणून विचारत फिरला, तर एक उंटवाला पुढे आला, छातीवर हात ठेवून मान डोलवली. ह्यानं चादर खालच्या दगडावर पसरली, फातिहा वाचला, आई एकटी आहे म्हणून सांगितलं, चिमूट-चिमूट वाळू डबीत भरली. जाताना मागं वळून बघितलं, तर चादर उंटाच्या पाठीवर.

"मला वाटलं, उंट पीराचा असंल," नूरुद्दीन म्हणाला.

कुणीतरी खुसकन हसलं. मी नव्हतो, शपथेवर सांगतो.

"संध्याकाळी दिलावरला सांगितलं. तो म्हनला, येडा का खुळा तू? त्यात फिरौन पुरला हुता."

 फिरौन म्हणजे मिसरचा तो राजा, जो स्वतःला देव म्हणवायचा आणि मूसा पैगंबरांच्या मागं लागून समुद्रात बुडाला होता. आपण रावण आणि कंस एका अंगरख्यात घातले तर जे होईल ते. आईच्या लग्नाची ओढणी, एकुलत्या पोराचा नवस, सगळं त्याच्या दारात.

"खऱ्या बुजुर्गांचे दर्गे आमच्या मुक्कामापासनं चालत जायाच्या वाटंवर हुते, अम्मा. मला तवा कळलं. पन चादर गेल्ती."

नाचाचं गाणं ऐकलं ते त्याच संध्याकाळी. दिलावर बिया फोडत होता, आतून डफ वाजत होता, आणि ह्याला डफातून एकच शब्द ऐकू येत होता. महिनाभर मी ज्या बाईच्या मागावर होतो, ती म्हणजे हा फिरौन.

मुलाण्यांनी खाकरून गावातल्याच पीराच्या नावानं फातिहा दिला. जेवणं झाली. रस्सा फर्मास होता, पण पंगतीत भांड्यांचाच आवाज. कैरीवाला म्हणायला माझी जीभ दोनदा वळवळली, दोन्ही वेळा मी तिच्यावर भाकर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुबारकबी घरोघर निघाली. पुढे ती, मागं डबी धरलेला नूरुद्दीन. प्रत्येक दारात ती तेच म्हणायची, "बाई, ती पुडी परत द्या. माझ्याकडनं चुकलं." माझ्याकडनं, म्हणायची. पोराकडनं नव्हे. प्रत्येक दारात नूरुद्दीनची मान एकेक बोट आणखी खाली. बनुबाईनं नातवाच्या दंडाचा दोरा सोडून दिला आणि वर म्हणाली, "ताप तर उतरला हुता की वं." राहीबाईची पुडी डब्यातच फुटली होती, तिला वाळू पिठातून चाळून काढावी लागली.

आमच्या दारात आल्यावर चांगुणा कावरीबावरी झाली. "भाभी, आमची तर म्हशीच्या पोटात गेली. कशी देऊ?"

मुबारकबीनं म्हशीकडे बघितलं. म्हशीनं तिच्याकडे. "ऱ्हाऊ द्या," म्हातारी म्हणाली. "तिला काय ठावं?"

डबी घेऊन दोघं सीना नदीकडे निघाली. मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून मी जरा मागून गेलो. उन्हाळ्याची सीना, वाळू आणि धोंडे. पाणी शोधत दोघं बरीच वर गेली. एका खडकाच्या आडोशाला डबकं सापडलं, घोट्याएवढं.

"तो पान्यातच बुडाला हुता," मुबारकबी म्हणाली. "पान्यातच जाऊ दे."

नूरुद्दीननं डबी उलटी केली. फिरौन बुडेल एवढं पाणी नव्हतं. वाळू तळाशी बसली आणि पिवळीच दिसत राहिली. म्हातारीनं पायानं चिखल ढवळला, तेव्हा कुठं दिसेनाशी झाली.

 परतीच्या वाटेवर मुबारकबी पुढं बघूनच म्हणाली, "वाळूत पाय भाजलं का रं?"

"व्हय."

"आनि ते फूल का काय खाल्लंस, त्याच्यात मिरची अस्ती का?"

"न्हाई, अम्मा. लिंबू."

"मंग चव काय लागनार?"

 घरी आल्यावर त्यानं कापसाचा गठ्ठा ओढला आणि माझ्या भिंतीकडे पाठ करून बसला. संध्याकाळी तो ओट्यावरून जाताना मी नुसतं "नूरुद्दीन" म्हटलं. तो थांबला, पुढे टोमणा येईल म्हणून थोडा वेळ वाट बघितली, आणि टोमणा आला नाही तरी मान वर न करताच गेला.