मुंग्यांना इंग्रजीत काय म्हणतात

दोन हजारच्या दशकातली पहिली काही वर्षं मी नसरापूरला सायबर कॅफे चालवला. कॅफे म्हणजे एक गाळा, प्लायवूडच्या आडोशांमागे मांडलेले चार कॉम्प्युटर आणि फोनच्या तारेवरून कण्हत-कुथत जोडलं जाणारं इंटरनेट. माणसं यायची ती निकाल बघायला, भरतीचे अर्ज भरायला. निदान मला तसं सांगून यायची. आडोशामागे बसल्यावर ती आणखी काय शोधत हे मला नंतर कळायचं, आणि खरं तर कळायला नको होतं.

त्या वेळी सर्चच्या चौकोनात एक अक्षर टाइप केलं की आधी कुणी काय टाइप केलं होतं ते खाली उलगडत यायचं. दुकान बंद करताना ते पुसून टाकणं माझं काम. पुसण्याआधी मी ते वाचायचो. निकाल आणि भरती असायचीच, पण त्यांच्या अध्येमध्ये दुखणी दाटीवाटीनं बसलेली असायची. कधी रोमन अक्षरांत मराठी, कधी मोडकं इंग्रजी. केस गळणं, पाळी चुकणं, लघवीला जळजळ, मूल न होणं. डॉक्टरसमोर ज्याला तोंड फुटत नाही ते माणसं त्या चौकोनाला बिनदिक्कत विचारत होती. तापाचे शब्द वाढले की थोड्या दिवसांत दवाखान्यांपुढे चपलांचे ढीग दिसायचे. या भागाची तब्येत माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही असं मला वाटायचं. त्या वाटण्यात गर्व होता आणि शरमही होती. ज्यांचं वाचलं त्यांच्यापैकी कुणी रस्त्यात भेटलं, की मी नजर दुसरीकडे वळवायचो.

पण माझ्या घरातलं दुखणं मला त्या यादीत दिसलं नाही. माझा थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, वेल्ह्याच्या रस्त्यावर आमच्या गावी शेती बघायचा. तरुणपणी तो प्यायचा. मग भजनी मंडळाच्या बुवांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. दारू सुटली, मटण, मासे, अंडीही सुटली. म्हशीचं दूध डेअरीला जायचं आणि दादा कोरा चहा प्यायचा. माळ घातल्याला बरीच वर्षं झाली होती. गावात त्याला पुन्हा कुणी ‘अहो’ म्हणायला लागलं ते त्या माळेमुळे.

एका वर्षी दिवाळीच्या सुमाराला तो झोकांड्या खायला लागला. दिवसा नीट चालायचा, अगदी बांधावरूनसुद्धा. दिवेलागण झाली की पाय फाकून, चाचपडत, एकदा या कडेला तर एकदा त्या कडेला. गावाला दुसरं कारण सुचण्याचं कारणच नव्हतं. गाव त्याला तात्या म्हणायचं. चहाच्या टपरीवर पोरं त्याला विचारायची, “काय तात्या, आज लवकर बसला व्हय?” शेवटी बुवांचा निरोप आला. सप्ताहाच्या आधी माळ काढून देवापुढं ठेवावी. प्यायचं असेल तर प्यावं, पण माळ घालून नाही.

त्या रविवारी मी गावी गेलो तेव्हा दादानं विचारलं, “तुला काय वाटतंय?”

“मला काही वाटत नाही,” मी म्हणालो. आणि काहीतरी कानात सांगायचंय असं दाखवत त्याच्या तोंडाजवळ गेलो. वास फक्त तंबाखूचा आला. तरी माझ्या मनात आलं, तंबाखूनं दुसरा वास झाकला असेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी वहिनी पिशव्यांसकट कॅफेत आल्या. “भावजी, ते पीत न्हाईत. म्या रोज हुंगून बगती.”

मी मान खाली घातली.

“पायाला मुंग्या येत्यात म्हनं. आन पाय भुईवर टेकला का न्हाई त्येच कळत न्हाई, कापसावर चालल्यागत वाटतंय. तुमच्या ह्या डब्याला इच्यारा की कायतरी.”

मी वहिनींना खुर्ची दिली आणि इंग्रजीत ‘अँट्स इन लेग्ज’ टाइप केलं. बराच वेळ कण्हल्यावर डब्यानं उत्तर दिलं. मुंग्या मारायच्या पावडरी, मुंगी चावली तर काय लावावं, आणि मुंगीला पाय किती असतात याची सविस्तर माहिती. सोबत पडदाभर एक तांबडी मुंगी.

“आगं बया, ह्या न्हवं!” वहिनी म्हणाल्या.

मलाही कळलं की ह्या नव्हेत. पण ‘त्या’ मुंग्यांना इंग्रजीत काय म्हणतात हे मला येत नव्हतं. माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं. मग मी लांबण लावली. कातडीखाली मुंग्या चालल्यासारखं वाटतं, पाय बधिर होतात, असं जमेल तसं वाक्य करून टाकलं. परदेशातल्या कुण्या माणसानं एका पानावर जवळपास हेच विचारलेलं सापडलं. त्याच्या पायात टाचण्या आणि सुया टोचत होत्या. त्यांच्याकडे सुया टोचतात, आपल्याकडे मुंग्या येतात, दुखणं एकच. उत्तर देणाऱ्यानं त्याला ‘टिंगलिंग’ म्हटलं होतं. तो शब्द टाकल्याबरोबर पानामागून पानं उघडायला लागली.

कारणांमध्ये सगळ्यात वर साखर होती. तिच्या खाली दारू.

वहिनींना इंग्रजी वाचता येत नाही याचं त्या क्षणी मला बरं वाटलं. आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. “अजून शोधायला लागेल,” एवढंच मी म्हणालो.

पुढचे काही दिवस दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वाचत बसायचो. जाहिराती, भोंदूगिरी आणि खरं संशोधन एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेलं असतं. ते निवडायला वेळ लागला. जिथं काही विकायचं होतं ते मी सोडून द्यायला लागलो. मग एके ठिकाणी वाचलं की पाय कुठं पडलाय याची खबर शिरांमधून, म्हणजे मज्जातंतूंमधून, मेंदूला जात असते. ती वाट खराब झाली की डोळे ते काम करतात. म्हणून असा माणूस उजेडात ठीक चालतो आणि अंधारात झोकांड्या खातो. डोळे मिटून तोंड धुतानाही त्याचा तोल जातो.

मी तिथूनच गावात शेजाऱ्यांकडे फोन लावला आणि वहिनींना बोलावून घेतलं. “दादा तोंड कसं धुतो?”

“आता ह्ये काय इच्यारनं झालं?”

“सांगा तरी.”

“एका हातानं. दुसरा हात भित्तीला.”

मी फोन ठेवला. गावानं ज्या गोष्टीवरून त्याला दारुडा ठरवलं होतं, दिवसा नीट आणि अंधारात डळमळीत, तीच गोष्ट त्याच्या बाजूनं साक्ष देत होती.

दारूनंही शिरा खराब होतात, साखरेनंही. पण अलीकडच्या संशोधनात आणखी एक कारण पुन्हा पुन्हा भेटत होतं. वर्षानुवर्षं मांस-अंडी न खाणाऱ्या, दूधही जेमतेम पोटात जाणाऱ्या माणसांत बी-बारा नावाचं जीवनसत्त्व कमी पडतं. संशोधकांचं लक्ष आता आपल्याकडच्या शाकाहारी लोकांकडेही वळलं होतं. पूर्ण लेख उघडत नसत, नुसता वरचा सारांश दिसे. तेवढा पुरला. त्यात जिभेबद्दलही होतं, ती लाल होते, तिखट सोसत नाही. पुन्हा फोन केला तर वहिनी म्हणाल्या, “लालभडक हाय. ठेचा सोडलाय त्येंनी. मला वाटलं, कसलं तरी व्रत धरलंय.”

मला खात्री झाली. मी पानं छापून घेतली आणि थेट बुवांच्या घरी गेलो.

“बुवा, माळ तुम्ही घातलीत. काढायची तर तुमच्याच हातानं काढा. पण आधी आमच्याबरोबर भोरला डॉक्टरकडे चला.”

“डाक्टर काय वास घेनार व्हय त्येचा?”

“नाही. डोळे मिटायला सांगतील.”

बुवा हसले. पण आले.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं वडापच्या जीपमधून नसरापूरला आणि तिथून एसटीनं भोरला गेलो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातातले कागद बघितले. “इंटरनेटवर वाचून आलात?”

“हो.”

“बरं. ते इथं ठेवा आणि मला पाय बघू द्या.”

दोन फाट्यांच्या लोखंडी दुबेळक्यासारखं, आपटलं की थरथरणारं एक साधन टेबलावर आपटून त्यांनी दादाच्या घोट्यावर टेकवलं. “कळतंय का काही?”

“काय कळायचं?” दादा म्हणाला.

मग तेच मनगटावर. “हां, हितं गुनगुनतंय की!”

“आता पाय जुळवून उभे राहा. डोळे मिटा.”

दादानं डोळे मिटले आणि तोडलेल्या झाडासारखा बुवांच्या अंगावर गेला. बुवांची टोपी खाली पडली. त्यांनी त्याला मिठीत धरलं आणि धरल्या धरल्या नाक पुढे करून, काही न लपवता, त्याच्या तोंडाचा वास घेतला. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

“डोळं उघाड,” बुवा म्हणाले. दादा ताठ उभा राहिला. “मीट.” पुन्हा कलला. डॉक्टरीणबाईंचं बघून झालं होतं, पण बुवांचं होत नव्हतं.

रक्त काढून झालं. ते पुण्याला जाणार होतं, पण बी-बाराच कमी असणार, उपचार आजच सुरू करू, असं बाई म्हणाल्या. तेवढ्यात कंपाउंडरनं विचारलं, “लिव्हरचं इंजेक्शन काढू?”

दादानं वर केलेली बाही खाली घेतली. “लिव्हर म्हंजे कलेजी न्हवं? माळ हाय गळ्यात. पाय गेलं तरी चालतील.”

एवढं सगळं जुळवून आणलं आणि ते एका शब्दावर अडलं. बाई म्हणाल्या, दुसरंही आहे, नुसतं बी-बारा, त्यात कलेजी नाही.

“मंग त्ये कशापास्नं करत्यात?”

बाईंच्या आधी मीच बोललो, कारण मी वाचलेलं होतं. “जंतूंपासून. टाकीत वाढवतात.”

“जंतू म्हंजे जीवच की रं,” दादा शांतपणे म्हणाला.

मी बुवांकडे वळलो. “बुवा, तुमच्याकडे आंबील करतात. रात्री नाचणीचं पीठ भिजवलं की सकाळपर्यंत आंबतं. ते आंबवतं कोण?”

“आपुआप आंबतंय.”

“आपोआप नाही. जंतूच आंबवतात.”

बुवांनी बाईंकडे बघितलं. “अगदी तेच नव्हेत,” बाई हसू दाबत म्हणाल्या, “पण त्यांचे भाऊबंद.”

“म्हंजे आमी जल्मभर त्येच पितुय?”

“हो.”

बुवांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. “घे रं सुई. ह्ये पाप आसंल तर तुझ्याआदी मीच नरकात जाईन.”

पुढे रिपोर्ट आला तो बाईंच्या अंदाजाप्रमाणेच. इंजेक्शनं चालू राहिली. चाल सावरायला बरेच महिने लागले आणि अंगठ्यांचा बधिरपणा थोडा राहिलाच. लवकर शोधलं असतं तर तोही राहिला नसता, असं बाई एकदा सहज म्हणाल्या. मला ते सहज घेता आलेलं नाही. पण शोधलं ते बरोबर शोधलं, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही.

त्या सोमवारी भोरहून गावी परतायला संध्याकाळ झाली. जीपमधून उतरल्यावर दादाचा तोल गेला आणि त्यानं बुवांचा दंड धरला. टपरीवरून आवाज आला, “आता बुवान्लाबी नादाला लावलं काय, तात्या?”

बुवा थांबले. “कोन बोललं? हिकडं ये. ये, घाबरू नगं. पाय जुळीव, डोळं मीट.” तो पोरगा हसत हसत उभा राहिला. बुवांनी त्याला नीट न्याहाळलं. “पडला न्हाईस. म्हंजे तुझं पाय धड हायती, निसती अक्कल गेलीया. ह्येच्या पायाच्या शिरा गेल्यात. दारूनं न्हाई, आजारानं. म्या सोता हुंगलाय. ह्येची माळ गळ्यातच ऱ्हानार आन सप्ताहात ह्यो माझ्या श्येजारी बसनार. समद्यांस्नी सांगा.”

दादानं दुसऱ्या हातानं गळ्यातली माळ सदऱ्याच्या बाहेर काढली आणि चालायला लागला.

मी मागून चाललो होतो. बुवा मुद्दाम रेंगाळले, दादाला त्याच्या घराच्या दिव्यापर्यंत पुढे जाऊ दिलं आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “त्या मुंग्यांस्नी इंग्रजीत काय म्हनलास?”

“टिंगलिंग.”

“टिंगलिंग,” त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. “मलाबी लई दिस झालं येत्यात. म्हातारपन समजत व्हतो. आता जाशीला तवा मला ने. पन जीपमधी कुनाफुडं बोलू नगंस.”